‘आम्ही फक्त विज्ञान सांगतो’ : लोकविज्ञानाच्या व्हिडिओ चॅनेल्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चॅनेल्स विज्ञान नीट सांगतात, पण त्याला चिकटलेलं राजकारण बऱ्याचदा गाळतात, असं आमचं म्हणणं आहे. हे पान अशा चॅनेल्सच्या चाहत्यांसाठी आहे. ज्यांना ती आवडतच नाहीत, त्यांना इथे टीकेसाठी दारूगोळा फारसा मिळणार नाही.

गुरुत्वाकर्षणात कसलं आलंय राजकारण? विज्ञानाच्या व्हिडिओत ते शोधायचंच कशाला?

गुरुत्वाकर्षणात नाहीच. पण ते समजावून सांगायला जी उदाहरणं निवडतात, त्यांत बऱ्याचदा असतं.

जीपीएसचंच बघा. सापेक्षतावादावरच्या व्हिडिओंत हे उदाहरण हमखास येतं. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं, ही चूक सुधारली नाही तर दिवसभरात ठिकाण दहाएक किलोमीटरने हुकेल, तेव्हा आइन्स्टाइन तुमच्या खिशात आहे, वगैरे. उदाहरण झकास आहे. मात्र याच जीपीएसमध्ये मे २००० पर्यंत घड्याळाची आणखी एक चूक होती आणि ती निसर्गाची नव्हती. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये अमेरिकी लष्कर जाणूनबुजून गफलत मिसळत असे, म्हणजे ठिकाण शंभरेक मीटरपर्यंत चुकावं. अचूक सिग्नल लष्करासाठी राखीव. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा प्रकार थांबला. रशियाने ग्लोनास, चीनने बेइदू, युरोपने गॅलिलिओ आणि भारताने नाविक अशी त्याच कामासाठी आपापली यंत्रणा इतका पैसा ओतून का उभारली, याचं उत्तर या दुसऱ्या चुकीमागच्या प्रश्नात आहे : नियंत्रण कोणाच्या हातात?

पहिल्या चुकीला दहा मिनिटं आणि दुसरीला शून्य, असा हिशोब बहुतेक व्हिडिओंत असतो. त्यात खोटं काहीच नसतं. ‘हे कसं चालतं’ हा प्रश्न ‘हे कोणाच्या हातात आहे’ या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तिथेच शेवटचं संगीत सुरू होतं. आपला सगळा आक्षेप या थांबण्याच्या जागेबद्दल आहे.

म्हणजे चॅनेलवाले मुद्दाम लपवतात?

क्वचित. हेतू शोधत बसलं की चर्चा लगेच भरकटते. एखादा भौतिकशास्त्र शिकलेला माणूस स्क्रिप्ट लिहायला बसतो. त्याला सूत्र तपासता येतं, तज्ज्ञ प्राध्यापकाला फोन करता येतो. उपग्रहांवर नियंत्रण कोणाचं, या प्रश्नावर कोणाला फोन करायचा, हे त्याला कधी कोणी शिकवलेलंच नसतं. शिवाय तिथे चूक झाली तर प्रतिक्रियांत रणकंदन माजणार. तो ओळ काढून टाकतो आणि व्हिडिओ त्यामुळे आटोपशीरही होतो.

यात यूट्यूबची स्वतःची व्यवस्था भर घालते. २०१७ मध्ये मोठ्या जाहिरातदारांनी काढता पाय घेतल्यावर कोणत्या व्हिडिओवर जाहिरात लागेल याचे नियम कडक झाले. वादग्रस्त विषय, संवेदनशील घटना असं काही आढळलं की जाहिराती कमी होतात आणि निर्मात्याला पिवळं चिन्ह दिसतं. युद्ध, दहशतवाद, अत्याचार या विषयांना हात घातला की उत्पन्न घटू शकतं, हे प्रत्येक निर्मात्याला पाठ असतं. कृष्णविवराला पिवळं चिन्ह लागत नाही.

चांगली, अभ्यासू चॅनेल्ससुद्धा यात येतात?

तीच तर जास्त येतात. वाईट चॅनेलची चूक पकडायला फारसे कष्ट लागत नाहीत. प्रेगरयू नावाची अमेरिकेतली उजव्या विचारांची एक संस्था आहे. नावात विद्यापीठाचा भास आहे, पण ती विद्यापीठ नाही, आणि आपली राजकीय भूमिका ती लपवतही नाही. तिथे प्रेक्षक सावध असतो. ज्या चॅनेलने आपल्याला एन्ट्रॉपी अचूक समजावली, त्याच्यासमोर आपण हातातली पेन्सिल खाली ठेवतो. विश्वास एका विषयात कमावलेला असतो आणि खर्च होतो भलत्याच विषयात.

प्रायोजकांचं काय? पैसे घेतले म्हणजे विकले गेले का?

सरसकट असं म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये व्हेरिटासियम या चॅनेलने चालकाविना चालणाऱ्या गाड्यांची बाजू घेणारा व्हिडिओ केला. प्रायोजक होती वेमो, म्हणजे अशा गाड्या चालवणारीच कंपनी. प्रायोजकत्व लपवलेलं नव्हतं. तरीही टीका झाली आणि ती योग्य होती असं मला वाटतं, कारण खरा मुद्दा पैशापेक्षा प्रश्नाच्या मांडणीचा होता. ‘माणूस चांगला चालवतो की यंत्र?’ असं विचारलं की उत्तर वेमोच्या बाजूने झुकणारच. ‘शहरात इतक्या गाड्या हव्यात कशाला? बस आणि रेल्वेचं काय?’ हा प्रश्न त्या चौकटीत शिरतच नाही. आकडे सगळे खरे असूनही कोणता प्रश्न विचारायचा, हे आधीच ठरून गेलेलं असतं.

कुर्झगेझाग्ट या अ‍ॅनिमेशनच्या चॅनेलला गेट्स फाउंडेशनचं अनुदान मिळालेलं आहे आणि चॅनेलने ते उघडपणे सांगितलेलं आहे. त्यांचे आरोग्यावरचे व्हिडिओ त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण जगाचे प्रश्न योग्य तंत्रज्ञान आणि योग्य देणगीदार मिळाल्यावर सुटतात, हा जो एकंदर सूर असतो, तो देणगीदाराला खटकणारा नाही एवढं तर दिसतंच. एक श्रेय मात्र द्यायला हवं. २०१९ मध्ये याच चॅनेलने व्यसनाधीनता आणि युरोपातले निर्वासित या विषयांवरचे आपले दोन गाजलेले जुने व्हिडिओ आजच्या आपल्याच कसोटीला उतरत नाहीत असं सांगून काढून टाकले. असं करणारे फार थोडे.

पैसे न देताही बाजू घडवता येते. पाणबुडीत, विमानवाहू नौकेवर, रॉकेटच्या प्रक्षेपण मंचाशेजारी कॅमेरा नेऊ देणं हीसुद्धा एक देणगीच असते. ज्याने दार उघडलं त्याला अडचणीत टाकणारा प्रश्न पाहुणा सहसा विचारत नाही आणि प्रेक्षकही तोवर वेल्डिंगचा तपशील बघण्यात रमलेला असतो.

पडद्यावर जे दिसतं त्यातही राजकारण असतं का?

असतं, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

अणुऊर्जेवरचा कुठलाही व्हिडिओ आठवा. समुद्रातून पाण्याचा प्रचंड पांढरा स्तंभ उठतो, त्याच्या पायथ्याशी युद्धनौका खेळण्यासारख्या दिसतात. हे चित्रण २५ जुलै १९४६ चं, प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटाजवळ अमेरिकेने केलेल्या ‘बेकर’ अणुचाचणीचं. सगळीकडे तेच का दिसतं? अमेरिकी सरकारने केलेल्या चित्रणावर तिथे कॉपीराइट लागत नाही, म्हणून ते फुकट आहे. नासाचं चित्रणही असंच मोकळं मिळतं. इतर बऱ्याच देशांच्या संस्थांचं चित्रण मिळवायला परवानग्या आणि पैसे लागतात. परिणाम असा की अंतराळ आणि अणू या दोन्ही विषयांचा दृश्य इतिहास प्रामुख्याने एकाच सरकारच्या कॅमेऱ्यातून पाहिलेला असतो. यात कोणाचं कारस्थान नव्हतं, फक्त संकलकाकडे बजेट नव्हतं.

आता त्या स्तंभाच्या चौकटीबाहेर काय होतं ते बघू. चाचण्यांसाठी मार्च १९४६ मध्ये बिकिनीच्या १६७ रहिवाशांना बेटावरून हलवलं गेलं. मानवजातीच्या भल्यासाठी बेट द्या, असं त्यांना नौदलाच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं. त्यांच्या संमतीचा प्रसंग नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा चित्रित करण्यात आला. १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या. सत्तरच्या दशकात काही कुटुंबं बिकिनीला परतली, पण शरीरात किरणोत्सारी द्रव्य साचत असल्याचं आढळल्यावर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावं लागलं. व्हिडिओत हा स्फोट चार सेकंद दिसतो. पार्श्वभूमीला सिंथेसायझर आणि निवेदक ‘माणसाने अणूची ताकद काबीज केली’ म्हणत असतो. कोणत्या माणसाने, कोणाच्या बेटावर?

अ‍ॅनिमेशनचीही हीच गत. कुर्झगेझाग्टमध्ये बऱ्याचदा माणसांच्या जागी गोलमटोल पक्षी असतात. गोड दिसतात, कोणत्याही वंशाचे वाटत नाहीत, हा फायदाच आहे. पण पक्ष्याला देश नसतो, पगार नसतो, जमीन नसते. ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं’ हे वाक्य पक्ष्यांच्या थव्यावर सहज खपून जातं.

एका शास्त्रज्ञाने सगळं जग बिघडवलं, अशा गोष्टींवर विश्वास ठेवावा का?

थॉमस मिजली. या माणसावर इतके व्हिडिओ आहेत की त्याची वेगळी प्लेलिस्ट करता येईल. पेट्रोलमध्ये शिसं घातलं ते यानेच, ओझोनला भोक पाडणारे क्लोरोफ्लुरोकार्बनही यानेच आणले, शेवटी स्वतःच बनवलेल्या दोरखंड-कप्प्यांच्या यंत्रात अडकून मेला. काव्यात्म न्याय! व्ह्यूज येणारच.

यात तथ्य आहे. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत मिजलीच्या गटाला टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला. त्याने इंजिनाची खटखट थांबते. पण अल्कोहोल मिसळूनही ती कमी होते, हे तेव्हाच माहीत होतं. अल्कोहोलचं पेटंट मिळणार नव्हतं, शिशाच्या संयुगाच्या वापराचं मिळत होतं. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने मिळून एथिल कॉर्पोरेशन काढलं. नावात ‘लेड’ म्हणजे शिसं नाही हे लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. हा प्रसंग प्रत्येक व्हिडिओत येतो, कारण तो दिसायला भन्नाट आहे.

पुढचा प्रसंग दिसायला कंटाळवाणा आहे आणि म्हणून गळतो. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याने, परिषद बोलावली. औद्योगिक विषबाधेच्या जाणकार अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे उघड विरोध केला. समिती नेमली गेली आणि तिने काही महिन्यांत निर्वाळा दिला की बंदी घालण्याइतपत कारण दिसत नाही. त्यानंतर चाळीसेक वर्षं या विषयावरचं संशोधन मुख्यतः त्याच उद्योगाच्या पैशावर चाललं. एथिलचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट केहो त्याचे सर्वेसर्वा होते. धोका सिद्ध करून दाखवा, मग बघू, असं त्यांचं धोरण. सिद्ध करायची जबाबदारी मरणाऱ्यांवर टाकली होती, हा निर्णय पूर्णपणे राजकीय होता आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत घेतला गेला नव्हता.

मग येतो नायक, क्लेअर पॅटरसन. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं आहे हे त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि ते मोजताना शिशाचं प्रदूषण सगळीकडे पसरल्याचं त्यांना आढळलं. १९६५ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. १९७१ मध्ये हवेतल्या शिशावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने समिती नेमली, तिच्यात पॅटरसन यांना घेतलं नाही. एकटा खलनायक, एकटा नायक, शेवटी १९९६ मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिशाला बंदी, पडदा पडला.

जगाच्या दृष्टीने पडदा पडलाच नव्हता. श्रीमंत देशांत बंदी येत गेली तसा हा माल गरीब देशांत विकला जात राहिला. टेट्राएथिल लेड बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी एक, इनोस्पेक, हिने इराक आणि इंडोनेशियातल्या अधिकाऱ्यांना लाच दिल्याचं २०१० मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या न्यायालयांत कबूल केलं. गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. १९९६ नंतरची ही पंचवीस वर्षं व्हिडिओत असतील, तर तो व्हिडिओ चांगला समजा. मिजलीच्या मृत्यूला जास्त वेळ दिला असेल तर करमणूक म्हणून बघा.

पण एवढं सगळं बारा मिनिटांत कसं बसणार?

बसणार नाही आणि बसवूही नये. प्रत्येक व्हिडिओत राजकारण कोंबा असं कोणीच म्हणत नाही.

फ्रान्सिस गाल्टनचं उदाहरण घेऊ. खिळ्यांच्या फळीवरून गोट्या सोडल्या की खाली घंटेच्या आकाराचा ढीग तयार होतो, ती फळी गाल्टनची. ‘युजेनिक्स’, म्हणजे निवडक माणसांचीच पैदास वाढवावी या विचारालाही १८८३ मध्ये नाव दिलं ते यानेच. गोट्यांच्या व्हिडिओत युजेनिक्स आलं नाही तरी बिघडत नाही, संभाव्यता तशीच राहते. पण विषय ‘बुद्धिमत्ता किती आनुवंशिक?’ असा असेल आणि त्यात गाल्टन नुसता ‘संख्याशास्त्राचा जनक’ म्हणून येऊन जात असेल, तर ती गफलत आहे. तिथे तो इतिहास हाच विषयाचा भाग आहे.

ढोबळ कसोटी म्हणून, व्हिडिओ शेवटी ‘आपण काय करायला हवं’ यावर आला की राजकारण गाळण्याचा हक्क संपला. नुसतं पानांतलं हरितद्रव्य समजावत असाल तर खुशाल समजावा.

समुद्र साफ करणाऱ्या, झाडं लावणाऱ्या मोहिमांवरही आक्षेप?

मोहिमांवर नाही, त्यांच्या गणितावर. २०२१ मध्ये मिस्टरबीस्ट आणि मार्क रोबर या यूट्यूबर्सच्या पुढाकाराने टीमसीज मोहीम झाली. ३ कोटी डॉलर गोळा करायचे, डॉलरमागे एक पौंड कचरा काढायचा. म्हणजे ३ कोटी पौंड, साधारण १३,६०० टन. आता समुद्रात वर्षाला जाणाऱ्या प्लॅस्टिकचा बहुचर्चित अंदाज ८० लाख टनांच्या आसपासचा आहे. तो धरला तर दिवसाला जवळपास २२,००० टन होतात. जगभरातल्या निर्मात्यांनी एकत्र येऊन केलेली एवढी मोठी मोहीम, आणि हिशोब एका दिवसालाही पुरत नाही. अंदाज कितीतरी कमी धरला तरी काही दिवसांपलीकडे जात नाही.

कचरा उचलणारा रोबो कसा चालतो हे त्या व्हिडिओंत सुंदर दाखवलं होतं. नळ बंद कोणी करायचा, प्लॅस्टिकच्या उत्पादनावर मर्यादा घालायला कोणाचा विरोध असतो, हे मात्र बाजूलाच राहिलं. वैयक्तिक ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजायची टूम घरोघर पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता, हे कळलं की अशा व्हिडिओंच्या शेवटी येणारी ‘तुम्ही काय करू शकता’ यादी जरा वेगळी वाटू लागते.

सरळ सांगा ना, तुम्हाला डाव्या विचारांचे व्हिडिओ हवेत.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. नाही.

जे. बी. एस. हाल्डेन हे विसाव्या शतकातले अव्वल जीवशास्त्रज्ञ आणि विज्ञान सोपं करून सांगणारे तितकेच अव्वल लेखक. ‘डेली वर्कर’ या ब्रिटिश कम्युनिस्ट दैनिकात ते विज्ञानावर सदर लिहीत. राजकारण उघड, कसलाही आडपडदा नाही. आणि तरी सोव्हिएत संघात स्टालिनचा पाठिंबा असलेल्या लायसेंको या शेतीतज्ज्ञाने आनुवंशिकताशास्त्राचा गळा घोटला, तेव्हा स्वतः आनुवंशिकतेचे तज्ज्ञ असलेले हाल्डेन स्पष्ट बोलायला फार कचरले. गव्हाच्या आणि इतर पिकांच्या वाणांचा जगभर फिरून संग्रह करणारे, लायसेंकोला विरोध करणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव १९४३ मध्ये तुरुंगात मेले, त्यानंतरही. राजकारण उघड केल्याने नजर साफ होतेच असं नाही.

आजही पर्यावरणाची बाजू घेणारी काही चॅनेल्स जनुक बदललेल्या पिकांबद्दल बोलताना बियाणं कंपन्यांची मक्तेदारी आणि खाणाऱ्याची सुरक्षितता या दोन गोष्टींचा काला करतात. पहिला मुद्दा राजकीय आहे आणि वजनदार आहे. दुसऱ्याचा निकाल प्रयोगांनी द्यायचा असतो. मध्य आशियातला अरल समुद्र कापसासाठी नद्या वळवून आटवला गेला तो नफेखोर कंपनीने नव्हे, सोव्हिएत सरकारच्या नियोजनाने. ज्यांना फक्त बाजारपेठच दोषी दिसते, त्यांच्या व्हिडिओत अरल समुद्र फारसा येत नाही.

सरकारी पैशावरच्या चॅनेल्सचं काय?

यूट्यूब २०१८ पासून सरकारी पैशावर चालणाऱ्या वृत्तवाहिन्यांच्या व्हिडिओखाली काही देशांत तशी पट्टी दाखवतं. पट्टी वाचा. उद्योगाच्या पैशावरच्या व्हिडिओखाली अशी पट्टी नसते, तिथे ‘सशुल्क जाहिरातीचा समावेश’ एवढंच सुरुवातीला काही सेकंद झळकतं.

वर्गात दाखवावेत का?

जरूर दाखवा, त्यांच्याइतकं चांगलं अ‍ॅनिमेशन फळ्यावर होणार नाही. शेवटची दोन मिनिटं मात्र आवाज बंद करून दाखवा आणि निवेदन मुलांना लिहू द्या. ‘हे कोणी ठरवलं असेल?’ एवढा एकच प्रश्न आधी देऊन ठेवा. नववी-दहावीची मुलं यात निवेदकापेक्षा सरस ठरतात.

माझं स्वतःचं छोटं चॅनेल आहे. स्क्रिप्टमध्ये नेमकं काय तपासू?

पहिल्यांदा कर्ता शोधा. ‘निर्णय घेतला गेला’, ‘माणसाने जंगल तोडलं’, ‘जगाने दुर्लक्ष केलं’ अशी वाक्यं अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी संस्थेचं, कंपनीचं किंवा सरकारचं नाव घालता येतं का बघा. नाव सापडत नसेल तर तुमचा अभ्यास अजून कच्चा आहे. सापडलं आणि घालायची भीती वाटली, तर ती भीती कसली आहे, तथ्य कच्चं असण्याची की पिवळ्या चिन्हाची, हे तपासा.

तज्ज्ञ बदला. लसीवर व्हिडिओ असेल तर रेणू समजावणारा एक माणूस लागतोच, पण ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत कोविड लशींच्या बौद्धिक संपदा हक्कांना तात्पुरती स्थगिती का मागितली, हे सांगणारा दुसरा लागेल. दोघांना एकाच दिवशी फोन करा. दुसऱ्याला ‘वेळ उरला तर’ या यादीत टाकलं की तो कधीच येत नाही.

दुसऱ्या भाषेतल्या गाजलेल्या व्हिडिओवरून स्क्रिप्ट बेतत असाल, तर शब्दांबरोबर त्याची थांबायची जागाही तुमच्याकडे येते. मूळ व्हिडिओ ज्या वर्षी संपतो, त्याच्या पुढच्या दहा-वीस वर्षांत काय झालं ते आधी शोधा. शिशाच्या पेट्रोलचा व्हिडिओ करणार असाल, तर सुरुवातच अल्जीरियातून करून बघा. मिजली सहाव्या मिनिटाला आला तरी चालेल.